झाकली मूठ आणि उघडी वही

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्याने प्रथम काढली, त्याच्या डोक्यावर कर्ज असले पाहिजे, असा माझा कयास आहे. ज्याची मूठ खरोखर भरलेली असते, त्याला ती झाकण्याची गरज सहसा पडत नाही. ती चारचौघांना दिसावी अशीच त्याची धडपड असते. मूठ झाकतो तो रिकाम्या हाताचा माणूस. मुलीच्या लग्नात पंगती उठतात, मांडवाला झालर लागते, सनई वाजते, आणि यातले निम्मे पैसे उसने आहेत हे फक्त वधुपित्याला आणि सावकाराला ठाऊक असते. घरच्या बाईलादेखील ते पुढे केव्हातरी, कपाटातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या म्हणजे कळते. कर्ज पापासारखे लपवायचे आणि पुण्याईसारखे मुलाबाळांसाठी ठेवून जायचे, अशीच आपल्याकडची रीत!

ही मूठ कोणी अधिकाराने उघडायला लावील, आणि तेही एखाद्या देशाचे लष्कर, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते. मी साताऱ्याकडचा, मराठीचा प्राध्यापक. आमच्या जिल्ह्यात घरटी एक शिपाई निघावा अशी गावे आहेत हे खरे; पण माझा स्वतःचा तोफाबंदुकांशी संबंध वर्गात पोवाडे शिकवण्यापुरताच. तरीही गेल्या काही वर्षांत एका परक्या लष्कराच्या एका विचित्र चौकशीने मला पछाडले आहे. अमेरिकेत राखीव सैन्यात जाऊ पाहणाऱ्या तरुणाला सरकार जे प्रश्न विचारते, त्यांत ‘तू कोणाचे किती देणे लागतोस?’ हा प्रश्न फार वरच्या मानाचा आहे. छाती किती, उंची किती, डोळ्यांना चष्मा किती नंबरचा, हे सारे विचारतातच. पण गुप्त कागदाला हात लावण्याची वेळ आली, की छातीपेक्षा खिशाचे माप अधिक काळजीने घेतले जाते.

राखीव सैन्य म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे कवायत करायची. बाकीचा काळ कोणी दुकान सांभाळतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी ट्रक चालवतो. देशावर वेळ आली की हुकूम सुटतो, आणि हा दुकानदार गणवेश चढवून निघतो. आपल्याकडे १९४९ मध्ये सुरू झालेली टेरिटोरियल आर्मी याच जातीची. इंग्लंडातल्या अशा दलाचे नावही २०१४ पर्यंत टेरिटोरियल आर्मी असेच होते. आता त्याला आर्मी रिझर्व्ह म्हणतात. अमेरिकेच्या लष्कराचे राखीव दल १९०८ साली जन्मले, ते डॉक्टरांच्या एका राखीव तुकडीच्या रूपाने.

आता यातली मेख पाहा. पूर्णवेळ शिपायाचे राहणे, जेवण, औषधपाणी आणि पगार हे सारे लष्कर पाहते. राखीव शिपायाचा संसार मात्र बाहेरच्या बाजारात चालतो. त्याची नोकरी जाऊ शकते, धंदा बसू शकतो, इस्पितळाचे बिल येऊ शकते. पण त्याच्या हाती पडणारे गुप्त कागद आणि सांकेतिक यंत्रे मात्र तीच, पूर्णवेळ शिपायाच्या हाती पडतात तीच. म्हणून कागद पाहण्याच्या परवान्याची, ज्याला तिकडे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात त्याची, कसोटीही दोघांना एकच. शनिवार-रविवारचा शिपाई म्हणून त्याला सूट नाही.

ही कसोटी सुरू होते ‘स्टँडर्ड फॉर्म ८६’ नावाच्या एका फॉर्मने. फॉर्म कसला, पोथीच ती! शंभराहून अधिक पाने. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलास, कुठे कुठे चाकरी केलीस, तुला ओळखणारे शेजारी कोण, तुझे परदेशातले जिव्हाळ्याचे लोक कोण, हे सगळे त्यात भरायचे. माझा या प्रकरणाशी संबंध आला तो याच शेवटच्या प्रश्नामुळे. माझी थोरली बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली ती तिकडचीच झाली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, वाढला. २०२२ साली एका रात्री त्याचा फोन आला.

“मामा, तुझी जन्मतारीख सांग. आणि तुझं कॉलेज सरकारी आहे की खाजगी?”

“संस्था खाजगी, पगार सरकारी अनुदानाचा. तोही वेळेवर येईलच असं नाही. का रे?”

“मग मी तुला परकीय सरकारचा माणूस म्हणून लिहू की नको?”

चाळीस वर्षे उलटलेल्या माणसाला आपण एखाद्या महासत्तेच्या दृष्टीने परकीय सरकारचे हस्तक ठरू शकतो ही कल्पना थोडी सुखावणारी असते, हे मी नाकारीत नाही. मी हसलो, तोही हसला. मग फोनवर जरा शांतता पसरली, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, “मामा, अजून एक आहे. सव्विसावा विभाग. बाबांना काही बोलू नकोस.”

सव्विसावा विभाग हा पैशाचा. मी तो पुढे दोन रात्री बसून अक्षरन् अक्षर वाचून काढला. गेल्या सात वर्षांत दिवाळखोरी जाहीर केलीस का? कर भरायचा किंवा त्याचे विवरण द्यायचे चुकवलेस का? कोर्टाने तुझ्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा दिला का? तुझे देणे वसुली करणाऱ्यांच्या हाती गेले का? कर्जापायी घराबाहेर काढले गेलास का? पगारावर जप्ती आली का? कोणतेही देणे १२० दिवसांहून अधिक थकले होते का, आणि आज या घटकेला थकले आहे का? जुगारात पैसे घालवून अडचणीत आलास का? या जुगाराच्या प्रश्नाला तर सात वर्षांची मुदतही नाही. जन्मभराचा हिशेब द्यायचा. हे वाचताना मला आमच्या गावची कितीतरी सज्जन माणसे डोळ्यांपुढे आली. या विभागात ‘नाही, नाही, नाही’ असे लिहून बाहेर पडणारा गृहस्थ विरळाच.

वाचक विचारतील, राष्ट्राच्या गुपितांचा आणि थकलेल्या हप्त्याचा संबंध काय? तो संबंध अमेरिकेने पुस्तकातून नव्हे, ठेच खाऊन शिकलेला आहे. जॉन वॉकर हा तिथल्या नौदलातला वॉरंट अधिकारी. त्याने काढलेले मद्यालय तोट्यात गेले. १९६७ च्या अखेरीस हा गृहस्थ वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत आपल्या पायांनी चालत गेला आणि नौदलाच्या सांकेतिक किल्ल्या विकून आला. पुढे सतरा वर्षे तो विकतच राहिला. धंदा बुडालेल्या सख्ख्या भावाला त्याने त्याच वाटेला लावले, आणि पोटच्या मुलालाही ओढले. १९८५ च्या मे महिन्यात तो पकडला गेला.

दुसरा रोनाल्ड पेल्टन. हा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे परक्यांचे संदेश चोरून ऐकणाऱ्या खात्यात होता. १९७९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, त्याच साली त्याने नोकरी सोडली, आणि १९८० च्या जानेवारीत तोही त्याच वकिलातीची पायरी चढला. ओखोत्स्कच्या समुद्राच्या तळाशी रशियन तारेला कान लावून बसण्याची अमेरिकेची अवघड युक्ती त्याने सांगून टाकली. हाती कागदही नव्हता. केवळ स्मरणशक्ती विकली. किंमत आली सुमारे ३५,००० डॉलर, आणि १९८६ मध्ये जन्मठेप.

तिसरा ऑल्ड्रिच एम्स, गुप्तहेर खात्यातलाच. घटस्फोटाने अंगावर देणी आली, तेव्हा १९८५ च्या एप्रिलमध्ये त्याने ५०,००० डॉलर मागून सौदा सुरू केला. पुढे पैसा इतका आला, की १९८९ मध्ये ५,४०,००० डॉलरचे घर त्याने रोखीने घेतले. सत्याशोधन यंत्रावर त्याला १९८६ मध्ये बसवले, १९९१ मध्ये बसवले; दोन्ही वेळा तो उत्तीर्ण! १९९४ च्या फेब्रुवारीत तो पकडला गेला, तोवर त्याने उघडे पाडलेल्या अनेकांना प्राणास मुकावे लागले होते. म्हणून आजच्या नियमांत गरिबीइतकीच अवचित आलेली श्रीमंतीही संशयास्पद आहे. देणेकरी का झालास, हे विचारतात. आणि देणे एकाएकी कसे फिटले, हेही विचारतात.

पण इथे जरा थांबले पाहिजे. तीन कर्जबाजारी हेर निघाले म्हणून प्रत्येक कर्जबाजारी हेर ठरतो काय? तसे असते तर आमच्या स्टाफरूममध्ये बसायला माणूस उरला नसता. सगळ्या देणेकऱ्यांच्या गर्दीत असे द्रोही मोजके. बाकीची माणसे पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरतात आणि निमूटपणे मरतात. तेव्हा केवळ कर्जावरून माणूस पारखायचा म्हटला तर हजार निरपराध गाळले जातील. हे त्या नियम करणाऱ्यांनाही समजत होते, आणि त्यांनी त्यावर काढलेला तोडगा मला विचार करण्याजोगा वाटतो.

सध्याचे नियम ८ जून २०१७ पासून लागू आहेत. माणसाला तेरा अंगांनी पारखायचे, आणि त्यांतले एक अंग पैशाचे. त्यात आक्षेपाच्या गोष्टी सांगितल्या आहेत: देणे फेडण्याची ऐपत नसणे, ऐपत असून फेडण्याची इच्छा नसणे, मिळकतीबाहेर उधळपट्टी, कर चुकवणे, पैशाच्या व्यवहारात फसवणूक, जुगार. पण त्याच्याच खाली, आरोपीच्या वकिलाने लिहावीत तशी, सौम्य करणारी कारणेही आहेत. नोकरी गेली, धंदा बसला, आजार आला, घरात मृत्यू झाला, घटस्फोट झाला, पिळवणूक करणाऱ्या सावकाराच्या तावडीत सापडला, अशा आपल्या हातात नसलेल्या कारणांनी कर्ज झाले असेल, आणि तशाही स्थितीत माणूस जबाबदारीने वागला असेल, तर ते त्याच्या बाजूने धरायचे. त्याने जाणत्या सल्लागाराची मदत घेतली असेल, प्रामाणिकपणे फेड सुरू केली असेल, किंवा देणे मुळातच खोटे असल्याचा पुरावा दिला असेल, तर तेही त्याच्या बाजूचे. आणि सरतेशेवटी एकेक गोष्ट सुटी न तोलता सगळा माणूस एकत्र तोलायचा.

संरक्षण खात्याचे ठेके घेणाऱ्या कंपन्यांतील लोकांचे अशा प्रकारचे निकाल, नावे गाळून, तिकडे प्रसिद्ध होतात. कसोटी तीच, म्हणून मी त्यांतले बरेच वाचले. मराठीच्या प्राध्यापकाला कादंबरीचा मोह आवरतो, पण या निकालांचा आवरत नाही! प्रत्येकात एक संसार उघडा पडलेला असतो. न्यायाधीश ‘किती देणे?’ या प्रश्नावर फारसे रेंगाळत नाहीत. ‘फेडायला केव्हा लागलास?’ या प्रश्नावर ते येऊन थांबतात. नोटीस येण्याआधी थोडेथोडे भरीत आलेला माणूस बहुधा तरतो. नोटीस हाती पडल्यावर घाईघाईने सगळे चुकते करणाऱ्याकडे ते शंकेने पाहतात. सगळे कर्ज फिटलेच पाहिजे असा आग्रह नाही. एक वास्तव योजना हवी आणि त्या योजनेप्रमाणे पावले पडलेली दिसायला हवीत. सात वर्षे झाली, बाजाराच्या नोंदीतून देणे आपोआप पुसले गेले, आता कशाला बोलता, हा बचाव मात्र सहसा चालत नाही. नोंद पुसली गेली तरी देणे देणेच राहते, असे ते म्हणतात. आमच्या आजोबांची पिढी हेच म्हणत असे.

आणि या सर्वांवर मात करणारी एक गोष्ट आहे. फॉर्मवर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज क्षम्य ठरू शकते, पण लपवलेले कर्ज दुहेरी दोष होते: एक पैशाचा, दुसरा सचोटीचा. शिवाय तेरा अंगांपैकी वैयक्तिक वर्तनाच्या अंगाखाली एक मार्मिक कलम आहे. आपल्या वागण्यातली जी गोष्ट माणूस झाकून ठेवतो, तिच्यामुळे दुसऱ्याला त्याच्यावर दाब आणता येतो, म्हणून ती झाकणूकच धोक्याची धरायची. म्हणजे पाहा, शत्रूला तुमच्या कर्जाचा उपयोग नसतो. ‘तुझ्या बापाला सांगू का?’ या वाक्याचा उपयोग असतो. ज्याच्या बापाला आधीच माहीत आहे, त्याच्यापुढे हे वाक्य मुळी उच्चारताच येत नाही.

माझ्या भाच्याची अडचण नेमकी ही होती. २०२० साली, करोनाच्या दिवसांत, माझ्या मेव्हण्यांची नोकरी गेली आणि जवळजवळ वर्षभर दुसरी मिळाली नाही. मुलगा नुकता कमावू लागलेला. घराच्या खर्चाला त्याने हातभार लावला, तो आपल्या दोन क्रेडिट कार्डांवर उचल करून. वडिलांना वाटे, पगारातून देतो आहे. व्याज चढत गेले, हप्ते थकले, खाती वसुलीवाल्यांकडे गेली. अकरा हजार डॉलरच्या घरात देणे झाले. आता हा मुलगा राखीव सैन्याच्या संदेशवहन शाखेत जाऊ म्हणत होता, आणि त्या कामाला परवाना हवा होता.

“लिहिलं नाही तर?” त्याने विचारले.

“त्यांच्याकडे पत-कंपन्यांचे अहवाल येतातच. तू लिहिलंस किंवा नाही, आकडा त्यांना दिसणार. तू लिहितोस की नाही, एवढंच ते तुझ्याकडून शिकणार.”

“आणि बाबा?”

या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर होते, पण ते मी वाचून दाखवले नाही. मी एवढेच म्हणालो, की जी गोष्ट तू अनोळखी अधिकाऱ्याला लिहून देणार आहेस, ती बापाला त्याच्याआधी कळलेली बरी.

पुढची हकीकत मला ताईने सांगितली. एका रविवारी जेवणे झाल्यावर मुलाने सगळे सांगून टाकले. मेव्हणे बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले, आपल्या टेबलाचा कुलपाचा खण उघडला आणि पाकिटांचा एक गठ्ठा आणून मुलापुढे ठेवला. त्यांचीही दोन कार्डे थकलेली होती. महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राचे हातउसनेही होते. मुलाला कळू नये म्हणून त्यांनी ते दोन वर्षे कुलपात ठेवले होते. बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. तेवढ्यात ताई आतून म्हणाली, “मला सगळं ठाऊक होतं. टपाल रोज कोण आणतं या घरात?”

एका घरात तीन मुठी, आणि तिन्ही झाकलेल्या! त्या रविवारी त्या तिन्ही उघडल्या. तिघांनी मिळून वही घातली. मुलाने बिननफ्याच्या एका सल्ला-संस्थेकडून फेडीची योजना करून घेतली, धनकोंशी लेखी ठराव केले, पहिल्या हप्त्यापासूनच्या पावत्या जपल्या, वडिलांची नोकरी गेल्याचे पत्र जोडले, आणि सव्विसाव्या विभागात सारे काही लिहिले. त्यावर लष्कराकडून पुन्हा लेखी प्रश्न आले, पुन्हा उत्तरे गेली. नऊ महिने तो टांगलेला होता. त्या नऊ महिन्यांत ताईने फोनवर नवस किती बोलले याची मोजदाद माझ्याकडे नाही. अखेर परवाना मिळाला. कर्ज मात्र २०२४ पर्यंत पुरले.

हे सांगितले म्हणून ती व्यवस्था अगदी रामराज्याची आहे असे मात्र कोणी समजू नये. सत्य असे आहे, की ज्या तरुणांची ही परीक्षा होते त्यांतले बरेच जण पैशाच्या ओढीनेच सैन्याकडे वळतात. शिक्षणाचा खर्च निघेल, थोडी जोडकमाई होईल, ही आशा त्यांत असते. म्हणजे ज्याला नोकरीची गरज सर्वांत जास्त, त्याचीच पत सर्वांत आधी तपासली जाते. श्रीमंताच्या मुलाने कार्ड थकवले तर वडील चेक फाडतात; गरिबाच्या मुलाचे तेच कार्ड वसुलीला जाते. फॉर्मवर दोघे सारखे दिसत नाहीत, पण म्हणून दोघांच्या सचोटीत फरक असतोच असे नाही.

शिवाय त्या देशात सैनिकांच्या छावण्यांभोवती सावकारांची दुकाने थाटलेली असत. पगार होईपर्यंत १०० डॉलर घ्या, दोन आठवड्यांनी ११५ द्या. ऐकायला किती साधे! पण वर्षात असे सव्वीस पंधरवडे येतात; पंधराला सव्विसाने गुणा, म्हणजे वर्षाला ३९० टक्के व्याज झाले. आपल्याकडे १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला, ते अशाच पिळवणुकीमुळे. अमेरिकन सरकारला आपल्या शिपायांविषयी ही जाग २००६ साली आली. कर्जात बुडालेले शिपाई परवाने गमावत आहेत, त्यामुळे पलटणीच अपुऱ्या पडतील, असे लष्करानेच सांगितले, तेव्हा सेवेत असलेल्या सैनिकाला ३६ टक्क्यांहून जास्त दराने कर्ज देण्यास बंदी करणारा कायदा झाला. सावकाराला लगाम घालण्याचे पुण्य असे देशाच्या गुपितांच्या पदरी पडले.

राखीव शिपायाला आणखी एका कायद्याचा आधार आहे, आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. सेवेवर बोलावले जाण्यापूर्वी त्याने काढलेल्या कर्जावर सेवेच्या काळात सहा टक्क्यांहून अधिक व्याज लावता येत नाही. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. हुकुमाची नक्कल जोडून धनकोला लेखी कळवावे लागते, आणि सेवा संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत ते कळवता येते. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी घरांतली मुले आज या वाटेने जात आहेत, त्यांनी हे वाक्य कापून ठेवावे.

इंग्लंडातही रीत वेगळी नाही. तिथे ‘सिक्युरिटी चेक’ नावाच्या चौकशीत पतीचा अहवाल पाहतात, आणि त्याहून वरच्या ‘डेव्हलप्ड व्हेटिंग’ मध्ये तर घरच्या जमाखर्चाची इतकी खोल विचारपूस होते, की आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही होत नाही.

एक शंका मात्र मला अजून छळते. प्रजेने सरकारपुढे मूठ उघडायची हे ठीक. पण उघडलेल्या मुठीचे राखण कोण करणार? २०१५ साली उघडकीस आले, की अमेरिकन सरकारच्या कार्मिक कचेरीतून सुमारे २ कोटी १५ लाख माणसांची चौकशीची माहिती चोरीला गेली. त्यात हेच फॉर्म होते: कोणाचे किती देणे, कोणाचे कोठे नाजूक. शत्रूने दाब आणू नये म्हणून जी गुपिते सरकारने विचारून घेतली, तीच एकगठ्ठा चोरांच्या हाती पडली! आणि पूर्वी ही चौकशी परवान्याच्या पायरीप्रमाणे पाच किंवा दहा वर्षांनी होई. २०२१ पासून तिथल्या संरक्षण खात्याने आपल्या सर्व परवानाधारकांना अखंड देखरेखीखाली आणले आहे. आता हप्ता चुकला की यंत्राला कळते. प्रामाणिक माणसालाही या जाग्या डोळ्याखाली अवघडल्यासारखे होईल, यात नवल नाही. सरकारने सचोटी मागावी, पण तितकीच जबाबदारी आपल्या अंगावर घ्यावी, एवढे म्हणण्याचा हक्क मूठ उघडणाऱ्याला निश्चित आहे.

माझा व्यवसाय शब्दांचा, म्हणून शेवटी एका शब्दाबद्दल सांगतो. इंग्रजीतला ‘क्रेडिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आला आहे, आणि त्या क्रियापदाचे आणि आपल्या ‘श्रद्धा’ या शब्दाचे मूळ एकच, असे भाषाशास्त्री सांगतात. आपला ‘सावकार’ देखील ‘साधु’ या शब्दाच्या कुळातला. पुढे त्याने कुळाचे नाव राखले नाही, ही गोष्ट वेगळी. ‘पत’ या शब्दात तर उधारी आणि अब्रू दोन्ही एकत्र नांदतात. म्हणजे देण्याघेण्याच्या मुळाशी पैसा नाही, भरवसा आहे, हे भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्याच्यावर भरवसा टाकायचा तो कधी कोणाचे देणे लागलाच नाही, असे नसते. तो आपले देणे ओळखतो, बोलून दाखवतो आणि फेडायला लागतो, एवढेच पाहायचे असते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपले व्यापारी नवी वही पाटावर ठेवतात, तिच्यावर ‘श्री’ काढतात आणि हळदकुंकू वाहतात. ही वही पूजेला ठेवतात ती उघडी. यंदा ज्या घरांत कोणी काही झाकून ठेवले असेल, त्यांनी फराळाची ताटे उचलल्यावर घटकाभर एकत्र बसावे आणि कोणाचे काय देणे आहे ते एका कागदावर लिहून काढावे. लष्करात जायचे असो वा नसो. सव्वा लाखाची काळजी करू नये. ते मुठीत नव्हतेच.